पणजोबांबद्दल काय छापायचं?

गेला महिनाभर आमच्याकडे एका वाक्यावरून अबोला चालू आहे. अगदी बोलणं बंद वगैरे नाही. दादाचा (माझा थोरला चुलतभाऊ) फोन येतो, पण पाऊसपाणी, मुलांची शिक्षणं आणि वहिनीचे गुडघे एवढं झालं की "बरं, ठेवतो" म्हणतो. एरवी हा माणूस तासभर बोलल्याशिवाय फोन ठेवत नाही. नातेवाइकांपैकी निम्म्यांना हे प्रकरण ठाऊक आहे, उरलेल्या निम्म्यांनी अर्धवट ऐकलं आहे. म्हणून म्हटलं, एकदा सगळंच लिहून टाकावं.

तर झालं असं की निवृत्त झाल्यावर दादाने आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत काढायचं मनावर घेतलं. घरोघर फिरला, पदरचे पैसे घातले, दोनशेच्या वर माणसांची नावं गोळा केली. हे काम सोपं नाही आणि आमच्यापैकी दुसऱ्या कुणी ते केलं नसतं, हे आधीच सांगते. मला थोडीफार मोडी वाचता येते, म्हणून मजकूर तपासायला त्याने माझ्याकडे दिला. पहिलं प्रकरण राजस्थानातून सुरू होतं. आमचे मूळपुरुष म्हणे तिकडून घोड्यावर बसून आले. याला कागद नाही, पत्र नाही, पण अशी सुरुवात निम्म्या महाराष्ट्राच्या वंशावळींत असते, त्यामुळे तिथे मी फक्त हसले. दुसऱ्या प्रकरणात मात्र असं वाक्य होतं की आमचे पणजोबा मुळशी सत्याग्रहात सेनापती बापटांबरोबर आघाडीवर होते. तिथे मी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं आणि समासात आत्याचं एक वाक्य लिहिलं. ते वाक्य पुढे सांगतेच.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आमचं मूळ गाव मुळशी धरणाच्या पाण्याखाली आहे. नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण वर सरकून वसलेल्या वाडीत अजून जमिनींचे वाद चालू आहेत आणि तिथे आमची माणसं राहतात. नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने हे धरण बांधलं. पाणी घाटाखाली भिऱ्याला सोडून तिथे वीज तयार होते. भिऱ्याचं केंद्र सुरू झालं १९२७ साली. त्याआधी, १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. मागे उभे होते सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे आणि पुण्याची बरीच मंडळी. काम काही महिने थांबलं, मग पुन्हा सुरू झालं. १९२४ पर्यंत लढा चालला आणि शेवटी बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण झालंच.

आता मी या कागदांच्या नादाला कशी लागले ते. ऑफिसमधली माझी एक मैत्रीण मूळची अहमदनगरची (आता अहिल्यानगर), मराठी ख्रिस्ती. तिने एकदा डब्याच्या वेळी मोबाइलवर एका जुन्या रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवला. तिच्या खापरपणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे तिकडच्या घरांना असे कागद मिळतात. त्या एका ओळीत तारीख, गाव, बापाचं नाव, आईचं नाव, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही, सगळं होतं. आईचं नाव! तिच्याकडे लग्नाची नोंद होती आणि दफनाचीही, आणि स्मशानभूमीतला दगड अजून जागेवर होता. दर वर्षी घरचे लोक तिथे जाऊन फुलं ठेवतात. मी डबा खाता खाता जळले, खरं सांगते.

गोऱ्यांचं तर विचारूच नका. पुण्याच्या लष्करातलं सेंट मेरीज चर्च १८२५ सालचं. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई इलाख्यातल्या अशा चर्चांमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि बऱ्याचशा इंटरनेटवरही आल्या आहेत. म्हणजे पुण्यात पटकीने गेलेल्या एखाद्या साध्या शिपायाचा वंशज आज इंग्लंडमध्ये घरात बसून त्याचं नाव शोधू शकतो. हिंदुस्थानातल्या युरोपियन स्मशानभूमींची नोंद ठेवायला त्यांनी १९७६ साली एक संस्थाही काढली. आणि त्याच पुण्यापासून चार-पाच तासांच्या बैलगाडीवर... जाऊ दे, चार-पाच नाही, दिवसभराच्या बैलगाडीवर राहणाऱ्या माझ्या पणजीचं नाव मला ठाऊक नव्हतं. दादालाही नव्हतं. त्याच्या वंशवृक्षात त्या चौकटीत "पत्नी" एवढंच छापलं होतं.

आपल्याकडे थडगं नाही. राख नदीला गेली की माणसाची खूण संपली, आणि आमच्या बाबतीत ती नदी, तो काठ, ती मसणवट सगळंच पाण्याखाली गेलं. श्राद्धात बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं लागतात, त्यापलीकडचे सगळे सर्वपित्रीला एकत्र. देव्हाऱ्यात टाक आहेत. त्यातला एक वीराचा, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. लहानपणी आम्ही विचारायचो, हा कोण? "आपला जुना माणूस," एवढंच उत्तर. दादाच्या राजस्थानी घोड्याचं मूळ याच टाकात असावं असा माझा संशय आहे. :)

आमच्याकडे नोंदी नाहीतच असं मात्र नाही. त्या वेगळ्या कारणाने ठेवल्या गेल्या, म्हणून वेगळ्या ठिकाणी सापडतात. सरकारला सारा हवा होता, म्हणून जमिनीचे कागद झाले. रोगराईवर लक्ष ठेवायचं होतं, म्हणून गावकामगारांकडून जन्म-मृत्यू लिहून घेतले. त्यालाच लोक जुना चौदा नंबरचा नमुना किंवा कोतवाल बुक म्हणतात. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि तालुक्या-तालुक्यातली ही बाडं एकदम उजेडात आली. मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली, कागद स्कॅन झाले. आरक्षणाच्या वादात मी इथे पडत नाही. पण दाखल्याची गरज पडेपर्यंत ती बाडं उघडावीत असं आपल्यापैकी कुणालाही वाटलं नव्हतं, हे खरं आहे. लोक त्या पानांत फक्त "कु." हे अक्षर शोधतात आणि सापडलं की पुढे जातात. त्या ओळीतल्या माणसाकडे कुणी पाहत नाही.

मी पाहिलं. आमच्या गावच्या १९१८ च्या पानांवर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ओळीच्या ओळी भरलेल्या आहेत आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात खालपर्यंत एकच शब्द, ताप. तो साथीचा इन्फ्लुएंझा, ज्याने सगळा मुंबई इलाखा झोडपला. एरवी वर्षभरात जेवढ्या नोंदी होत्या त्याहून जास्त त्या दोन महिन्यांत. त्यात एका ओळीत आमच्या पणजोबांचं नाव आहे, पण मेलेल्याचं म्हणून नाही, बाप म्हणून. त्यांच्या नावापुढे "मुलगी", वय दीड वर्ष, ताप. मुलीचं नाव नाही. दीड वर्ष मागे जाऊन मी जन्माची नोंद काढली. तिथेही बापाचं नाव आणि "मुलगी". आमच्या आजोबांना बहीण होती हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. आत्यालाही नाही.

(दादा, ही ओळ तुझ्या पुस्तकात हवी. नाव नसलं तरी.)

जमिनीच्या कागदांकडे मी मोठ्या आशेने गेले होते. धरणासाठी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली जमिनी घेतल्या, मोबदला दिला, म्हणजे याद्या असणार, त्यात पणजोबा असणारच. ते नाहीत. हे मला आधीच कळायला हवं होतं. राजेंद्र व्होरांनी मुळशी सत्याग्रहावर जो अभ्यास केला आहे (इंग्रजी पुस्तक २००९ साली आलं) तो वाचला तर कारण समजतं. खोऱ्यातली कितीतरी जमीन तोपर्यंत पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेली होती. मोबदल्याची बोलणी झाली ती त्यांच्याशी. कसणारा कूळ होता, आणि कुळाचं नाव कागदावर येण्याचे कायदे पुढे आले, १९३९ आणि १९४८ साली. तोवर आमच्या शेतावरून होड्या फिरत होत्या. पणजोबांचं घर गेलं, गोठा गेला, खाचरं गेली, पण त्या कागदांच्या हिशेबी त्यांचं काही गेलंच नाही.

मग सत्याग्रहींची नावं शोधली. इथे मी प्रांजळपणे कबूल करते, दादाइतकंच मलाही ते नाव सापडायला हवं होतं. सत्याग्रहावरचं हाती लागेल ते वाचलं. आपलं आडनाव दिसलं की छातीत धडधडायचं, मग गाव वेगळं निघायचं. मला तरी सापडलं नाही.

आणि मग आत्या. आत्या नव्वदीला आली आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, पण बोलायला बसली की थांबत नाही. मी तिला सत्याग्रहाचं विचारलं. ती म्हणाली, "सत्याग्रहाचं मला काय ठावं न्हाई. आज्यानं धरणावर पाट्या टाकल्या म्हनून बा सांगायचा. मग काय करायचं? पोटाला काय खानार?" आणि लगेच तिच्या सुनेने चहात साखर कमी घातली त्यावर घसरली.

म्हणजे ज्या धरणाने गाव बुडवलं त्याच धरणाच्या बांधावर पणजोबांनी मातीच्या पाट्या वाहिल्या. मी समासात लिहिलेलं वाक्य ते हेच.

दादाचं म्हणणं मी त्याच्यावर अन्याय न करता सांगते. तो म्हणाला, हे ऐकीव आहे. बरोबर, पण त्याचं वाक्यही ऐकीवच आहे, आणि ते त्याने कुणाकडून ऐकलं हे त्याला सांगता येत नाही. तो म्हणाला, मेलेल्या माणसाला उलट बोलता येत नाही, त्याची अब्रू आपणच राखायची. हे मात्र मला एकदम झटकून टाकता आलं नाही. दोन दिवस मी त्यावर विचार केला. पुस्तक आमच्या पोरांच्या हातात जाणार, त्यांच्या सासरी-माहेरी जाणार. कुणीतरी म्हणणारच की तुमचा पणजा धरणवाल्यांना मिळालेला होता.

पण मिळालेला म्हणजे काय हो? १९२१ च्या रामनवमीला जी शेकडो माणसं कामावर जाऊन बसली, त्यांत तेही असतील. काम थांबलं तेव्हा त्यांनीही सुटकेचा श्वास घेतला असेल. काम पुन्हा सुरू झालं, पुण्याच्या सावकारांनी मोबदला घेतला, पुढारी तुरुंगात गेले, आणि भातखाचरं तर जाणारच होती. त्या वर्षी घरात खाणारी तोंडं किती होती ते चौदा नंबरवरून मोजता येतं. तीन वर्षांपूर्वी एक पोर गेलेली. अशा माणसाने रोजाची पाटी उचलली यात लपवण्यासारखं काय आहे? एकच माणूस एप्रिलमध्ये सत्याग्रहाला बसू शकतो आणि पुढच्या वर्षी त्याच जागी मजुरीला जाऊ शकतो. आपण नाही का, मोर्चाला जाऊन आल्यावर सोमवारी त्याच साहेबाकडे कामावर जात?

दादाच्या वाक्यातले पणजोबा मला ओळखू येत नाहीत. ते शाळेच्या पुस्तकातले कुणीतरी वाटतात. आत्याच्या वाक्यातले येतात. आमच्या घरातले सगळे पुरुष तसेच आहेत. आधी तणतणतात, मग गुपचूप जाऊन काम करून येतात. (दादा, तूसुद्धा.)

त्र्यंबकला मी गेले ते या भांडणानंतर. खरं तर सगळ्यात आधी जायला हवं होतं. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांकडे गावं आणि आडनावं लावून ठेवलेल्या वह्या असतात, नामावळ्या. यात्रेला आलेल्याने आपल्या कुळातली नावं सांगायची, उपाध्यायांनी उतरवून घ्यायची, खाली सही किंवा निशाणी करायची. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्यांचं अमेरिकेतल्या युटामधल्या वंशावळ संस्थेने मायक्रोफिल्मिंग केलं होतं. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी लोक घरोघर येऊन वंशावळ म्हणून दाखवतात तोही याच्याच जातीचा प्रकार. चर्चचं रजिस्टर चर्चमध्ये राहतं, आपलं उपाध्यांच्या माळ्यावर राहिलं, एवढाच फरक म्हणायचा.

उपाध्यायांनी गाव विचारलं. मी आत्ताच्या वाडीचं नाव सांगितलं, नाही मिळालं. मग बुडालेल्या गावाचं सांगितलं तर त्यांनी दहा मिनिटांत वही काढली. शके १८५४, म्हणजे १९३२. पणजोबा, त्यांचे वडील, आजोबा, दोन भाऊ, मुलं. गावाच्या ठिकाणी जुन्या गावाचंच नाव. भिऱ्याची वीज सुरू होऊन पाच वर्षं झाली होती, गाव पाण्याखाली होतं, आणि त्यांनी मुक्काम तोच सांगितला होता. खाली "निशाणी नांगर" आणि पुढे रेघोट्यांनी काढलेला एक लहानसा नांगर. मराठी कागदांत कुणबी माणसाची सही अशीच असते, हे मला माहीत होतं. तरी मला तिथे थोडा वेळ बसावं लागलं. उपाध्यायांनी पाणी दिलं आणि काही विचारलं नाही. त्यांनी असे लोक खूप पाहिले असणार.

आणि हो, त्याच ओळीत, "स्त्री" या शब्दानंतर, पणजीचं नाव आहे. ती बरोबर आली होती.

तर कुलवृत्तांताबद्दल माझं म्हणणं इतकंच. प्रत्येक नावापुढे ते कुठून मिळालं ते लिहावं. कागद असेल तर कुठला कागद, ऐकलं असेल तर कुणाकडून आणि कधी. राजस्थानचा घोडा ठेवायचा तर ठेवा, पण "घरात असं म्हणतात" या शब्दांत. सत्याग्रहाचं वाक्यही तसंच ठेवा आणि त्याच्या खाली आत्याचं वाक्य तिच्याच शब्दांत छापा, पोटाच्या प्रश्नासकट. आणि बायकांच्या चौकटी भरा. आमच्या आडनावाच्या मुलींची लग्नं झाली की त्यांच्या फांदीला पूर्णविराम मिळतो. त्यात मीही आले, आणि मोडी वाचून देण्याच्या कामाला मात्र माझी फांदी चालते!

पणजीचं नाव मी इथे लिहिणार नाही. ते आधी दादाच्या पुस्तकात छापून यायला हवं. ते त्याला कळवलं तेव्हा तो फोनवर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "स्पेलिंग, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ, नीट तपासलंस ना?" मोडीत ऱ्हस्व-दीर्घ सहसा पाळत नाहीत हे मी त्याला सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "मग आत्याला विचारू." म्हणजे आत्याचं ऐकायला त्याची हरकत नाही असं दिसतंय.

येत्या मे महिन्यात, पाणी उतरल्यावर, आम्ही सगळे वाडीवर जमणार आहोत. नातेवाईक मंडळी, ज्यांच्याकडे आजोबांच्या पिढीचे शाळेचे दाखले, जुने सातबारे, लग्नपत्रिका, मनीऑर्डरच्या पावत्या असतील त्यांनी झेरॉक्स घेऊन या. बाबांच्या पिढीच्या सगळ्यांची जन्मतारीख १ जून आहे हे मला ठाऊक आहे, गुरुजींनी लिहिलेली, तरी आणा. टाक मात्र आणू नका, देव्हाऱ्यातून हलवू नका. फोटो काढून आणलात तरी चालेल, दोन्ही बाजूंचे.